खिडकीवर पहारा, भिंतीत पाणी

इंग्लंडच्या खेड्यांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. कॉट्सवोल्ड्स पाहून आलेला म्हणतो, "जुनं कसं जपावं ते यांच्याकडून शिका." ऐकणारा म्हणतो, "त्यांना परवडतं हो." गंमत अशी, की खुद्द इंग्लंडमधला वादही याहून फार खोल जात नाही. थंडी पडली, बिलं वाढली की तेच भांडण नव्यानं जुंपतं. जुन्या घरात दुहेरी काच बसवायला परवानगी नाकारली म्हणून एक बाजू ओरडते, की माणसांना संग्रहालयात कोंडून ठेवलंय. दुसरी बाजू म्हणते, की आज काच बदलू दिली तर उद्या गावाचा चेहरामोहराच उरणार नाही. एकाला घर ऊबदार हवं, दुसऱ्याला देखणं हवं, आणि दोघंही रस्त्यावर उभे राहून घराच्या दर्शनी बाजूकडे बघत बोलतात. भिंत कशाची आहे, तिच्यात पाणी कुठून शिरतं आणि कुठून बाहेर पडतं, हा प्रश्न कुणाच्याच तोंडी नाही.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. इंग्लंडच्या ग्रामीण पॅरिशमधली जुनी घरं खिडक्यांमुळे पडत नाहीत. ती सिमेंटमुळे, प्लास्टिक रंगामुळे आणि तुंबलेल्या पन्हाळीमुळे पडतात. संरक्षणाचा कायदा मात्र जे डोळ्यांना दिसतं त्याचाच हिशेब जास्त ठेवतो. म्हणून नियम काचेच्या बाबतीत आहेत त्याहून सैल आणि सिमेंटच्या बाबतीत आहेत त्याहून खूप कडक व्हायला हवेत. आणि जपायचंच असेल तर घराच्या चेहऱ्याआधी त्याचं साहित्य जपायला हवं: चुना, माती, पेंढा, ओक, आणि ते हाताळणारे हात.

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या आधिपत्याखालचा गावपरिसर. १८९४च्या कायद्यानं त्याला निवडलेली पॅरिश कौन्सिल मिळाली. आपल्या ग्रामपंचायतीशी तिची तुलना करायचा मोह होतो, पण तिचे अधिकार त्याहून तोकडे आहेत. बांधकामाच्या अर्जावर ती मत देते, निर्णय वरचं स्थानिक प्राधिकरण घेतं. इमारतींच्या संरक्षणाची यादी राष्ट्रीय असते. तिच्यात सुमारे ४ लाख नोंदी असून ९० टक्क्यांहून अधिक 'ग्रेड टू' या सर्वांत खालच्या वर्गात मोडतात. १७००पूर्वीची, बऱ्यापैकी मूळ स्वरूपात उरलेली जवळजवळ प्रत्येक इमारत यादीत जाते. १७०० ते १८५० या काळातल्याही बहुतेक जातात. एकदा यादीत नाव गेलं की आतबाहेरची सगळी इमारत संरक्षित होते. परवानगीशिवाय तिचं स्वरूप बदलणं हा फौजदारी गुन्हा ठरतो, आणि बेकायदा बदल काढून टाकण्याची नोटीस बजावायला कालमर्यादा नाही. आधीच्या मालकानं केलेला उद्योग नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो. कागदावर याहून कडक कायदा सापडणं कठीण.

पण हा कायदा राबतो कसा? ग्रामीण भागातल्या बहुसंख्य नोंदी १९८०च्या दशकातल्या मोठ्या फेरपाहणीत झाल्या. पाहणी करणाऱ्यांच्या हाती वेळ कमी, गावं फार. त्यामुळे असंख्य नोंदींच्या शेवटी एक छोटं वाक्य भेटतं: आतून पाहणी केलेली नाही. म्हणजे यादीच मुळात रस्त्यावरून लिहिली गेली. छपराचा प्रकार, खिडक्यांची संख्या, त्यांतल्या चौकटींची मांडणी, धुराडी किती, हे सगळं त्यात आहे. गिलाव्याची नोंद असते, पण बऱ्याचदा नुसती 'गिलावा केलेली भिंत' एवढीच. चुन्याचा की सिमेंटचा, ते नाही. पुढचा विनोद यातूनच जन्मतो. आहे तशीच दुरुस्ती करायला साधारणपणे परवानगी लागत नाही. साठ वर्षांपूर्वी कुणी मातीच्या भिंतीला सिमेंट फासलं असेल आणि ते आता सुटलं असेल, तर पुन्हा सिमेंट फासणं ही 'आहे तशी दुरुस्ती' ठरू शकते. ते सगळं खरवडून चुना लावायचा म्हटलं, तर हा बदल आहे का, असा प्रश्न उभा राहतो. यादीत नसलेल्या जुन्या घरांच्या विटा-दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, सिमेंटनं भरायला तर कुणाला विचारावंही लागत नाही.

हे का घातक आहे, ते समजायला इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या डेव्हन परगण्यात जावं लागतं. ब्रॉडहेम्बरीसारखं गाव घ्या: पांढऱ्या भिंती, डोळ्यांवर टोपी ओढल्यासारखी गवती छपरं, फोटो काढणाऱ्यांची गर्दी. या पांढऱ्या भिंती आतून मातीच्या आहेत. स्थानिक नाव कॉब. शेतातली वरची काळी माती बाजूला सारून खालची चिकणमाती काढायची, तिच्यात पेंढा आणि पाणी घालून माणसांच्या नाहीतर गुरांच्या पायांनी तुडवायची, आणि दगडी जोत्यावर फाळक्यानं थर रचायचा. साचा नाही, विटा नाहीत. एक थर साधारण दीड-दोन फुटांचा. तो आवळून घट्ट होईपर्यंत दुसरा चढवायचा नाही. भिंतीची जाडी दोन फूट, कधी तीन. कडा मागाहून धारदार फाळीनं तासून सरळ करायच्या. दुमजली घर एका उन्हाळ्यात पुरं होईलच असं नाही. एलिझाबेथ राणीच्या काळातला दर्यावर्दी वॉल्टर रॅले ज्या हेज बार्टन नावाच्या शेतघरात जन्मला, ते ईस्ट बडलीजवळचं घरही कॉबचंच, आणि ते आजही उभं आहे. डेव्हनमध्ये म्हण आहे, की कॉबला फक्त चांगली टोपी आणि चांगले बूट द्या. टोपी म्हणजे रुंद वळचणीचं छप्पर, बूट म्हणजे कोरडं दगडी जोतं. कोकणात ज्यांनी कारवीच्या कुडाला शेणमातीनं लिंपताना पाहिलं असेल त्यांना हे शास्त्र नवं वाटणार नाही. इंग्लंडमधल्या लाकडी सांगाड्याच्या घरांतही काठ्यांच्या विणीवर माती, पेंढा आणि शेण यांचाच लेप असे.

अशी भिंत कधीच पूर्ण कोरडी नसते. पावसात ती थोडी ओल घेते, वारा सुटला की देऊन टाकते. चुन्याचा गिलावा आणि त्यावरचे चुन्याच्या सफेदीचे पातळ हात ही देवघेव चालू ठेवतात. आता तिला सिमेंट फासा. सिमेंट ताठ असतं. भिंत मात्र ऋतूप्रमाणे किंचित हलते. पहिल्या काही वर्षांत केसाएवढ्या भेगा पडतात. त्या भेगा पाणी आत ओढतात, पण उरलेला अख्खा कवचासारखा थर ते बाहेर जाऊ देत नाही. पाणी खाली उतरतं आणि जोत्याच्या लगेच वर साठतं; म्हणजे नेमकं तिथं, जिथं भिंतीवर सगळ्यात जास्त भार असतो. तिथला पेंढा कुजतो, माती पुन्हा चिखलासारखी मऊ होते. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही, कारण सिमेंटचं कवच दिमाखात उभं असतं. आतल्या बाजूनं जिप्समचं प्लास्टर आणि वर प्लास्टिक इमल्शन लावून दुसरा दरवाजाही बंद केलेला असतो. घरातल्या माणसाला दिसतो तो फक्त भिंतीच्या पायथ्याशी उठणारा ओलीचा पट्टा. तो ओल मोजणाऱ्याला बोलावतो. हातातलं यंत्र खरं तर विजेचं वहन मोजतं; भिंतीतले क्षारही त्याचा काटा वर नेतात. निदान ठरलेलं: ओल जमिनीतून चढते आहे, भोकं पाडून रसायन टोचा. माती आणि वेड्यावाकड्या दगडांच्या भिंतीत ते रसायन सलग पडदा कसा तयार करणार, हे कुणी विचारत नाही. त्यावर पुन्हा पाणीरोधक प्लास्टर. काही हिवाळ्यांनी, एखाद्या लांबलेल्या पावसात, कोपरा अचानक बसतो. मग लोक म्हणतात, मातीचं घर, किती दिवस टिकणार?

हे उलटवता येतं, पण घाईनं नाही. आधी बाहेरची जमीन खाली घ्यायची. बागेची माती आणि रस्त्याचं डांबर वर्षानुवर्षं चढत जाऊन जोतं गाडलं गेलेलं असतं. मग सिमेंट एकदम नव्हे, तुकड्यातुकड्यानं काढायचं. भिजलेल्या भिंतीला तेच कवच आधार देत असण्याची शक्यता असते. वाळायला महिने द्यायचे. हीटर लावून वाळवली तर माती आक्रसून फाटते. पोकळ्या त्याच मातीच्या, आधी वाळवून आक्रसून घेतलेल्या कच्च्या विटांनी मातीच्याच गाऱ्यात भरायच्या. त्यानंतर चुना: एक भाग चुन्याला अडीच-तीन भाग खरखरीत वाळू, पहिल्या हातांत बकऱ्याचे केस मिसळून, प्रत्येक थर साधारण अर्ध्या इंचाच्या आतला. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम करायचं नाही, आणि कडक ऊन-वारा असेल तर ओलं गोणपाट टांगून ठेवायचं. चुना वाळून नव्हे, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो, आणि त्यासाठी त्याला ओल लागते. शेवटी सफेदी, दुधाइतकी पातळ, चार-पाच हात. ही काळजी न घेता लावलेला चुना पहिल्या थंडीत पापुद्र्यांनी सुटतो आणि बदनाम होतो, हेही कबूल करायला हवं. चुन्याच्या नावानं ओरडणाऱ्यांपैकी अनेकांनी चुना नव्हे, वाईट कारागिरी पाहिलेली असते.

मऊ विटांच्या आणि दगडांच्या भिंतींची कथा वेगळी नाही. तिथला नियम जुना गवंडी एका वाक्यात सांगेल: दर्जेतला माल विटेपेक्षा कमजोर हवा. झिजायचं असेल तर दर्जा झिजू दे. ती दोन पिढ्यांनी पुन्हा भरता येते, वीट कुठून आणणार? सिमेंटची दर्जा ठणठणीत राहते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या विटा गोठणाऱ्या पाण्यानं पापुद्रे सोडत आत आत झिजत जातात. ओकच्या सांगाड्याच्या घरात सिमेंटनं भरलेल्या चौकटीभोवती फट पडते, पाणी खालच्या आडव्या तुळईवर बसतं, आणि खांबाचं कुसू ज्या खाचेत उतरतं तिथंच लाकूड कुजतं.

देखाव्याला भुलण्याचा हा आजार आजचा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडभर चर्चचा 'जीर्णोद्धार' करण्याची लाट आली. आतल्या भिंतींवरचं शतकांचं चुन्याचं प्लास्टर खरवडून दगड उघडे केले गेले, कारण उघडा दगड अधिक 'मध्ययुगीन' दिसतो. प्रत्यक्षात मध्ययुगातल्या त्या भिंती सफेदी केलेल्या आणि रंगवलेल्या होत्या. प्लास्टरबरोबर भिंतीवरची चित्रंही गेली. या खरवडण्याला वैतागून विल्यम मॉरिस आणि फिलिप वेब यांनी १८७७ साली प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. ती आजही काम करते. तिचा मूळ आग्रह साधा होता: इमारतीला पुन्हा तरुण करू नका, तिची रोजची निगा राखा. हेरफर्डशरमधली वेबलीसारखी काळी-पांढरी गावं घ्या. आपल्याला तो काळा-पांढरा रंगच अस्सल जुना वाटतो. पण ओकला डांबरी काळा रंग फासण्याची हौस बऱ्याच अंशी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. त्याआधी ओक तसाच रुपेरी पडू देत, किंवा लाकडासकट सगळ्या भिंतीला सफेदी मारत. आज कॉटेजमध्ये प्लास्टर काढून उघड्या केलेल्या तुळया आणि दगड म्हणजे त्याच खरवडण्याची घरगुती आवृत्ती. म्हणजे 'परंपरा जपा' म्हणणारा माणूस पुष्कळदा आपल्या पणजोबाची फॅशन जपत असतो.

आणि कायदा बाहेरून दिसणारी गोष्ट मोजू लागला की काय होतं, हे इंग्लंडला नवं का असावं? १६९६ ते १८५१ अशी दीडशेहून अधिक वर्षं तिथं खिडक्यांवर कर होता. मोजायला सोपं म्हणून खिडकी निवडली. अधिकाऱ्याला घरात पाऊल टाकावं लागत नसे. लोकांनी काय केलं? खिडक्या विटांनी बुजवल्या. उजेड गेला, हवा गेली. १७८४ साली विटांवर नगावर कर आला, तर विटा आकारानं मोठ्या झाल्या. जे मोजाल त्याप्रमाणे लोक वागतात, आणि जे मोजत नाही तिकडे नुकसान सरकतं. आजचा संरक्षण अधिकारी वाईट माणूस नसतो. पण त्याच्या हातातली पट्टी खिडकी मोजणारीच आहे.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं. पहिलं आणि सर्वांत वजनदार असं, की ही दिसण्यावर उभी असलेली यादी नसती तर आज वाद घालायला इमारतीच उरल्या नसत्या. हे खरं आहे. १९८०च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या पश्चिमेला फायरस्टोन कंपनीच्या कारखान्याचा देखणा दर्शनी भाग यादीत जाण्याच्या अगदी आधी, सुट्टीच्या शनिवार-रविवारी पाडून टाकला गेला. त्या धक्क्यातूनच देशभरची फेरपाहणी नेटानं सुरू झाली. घाईत, रस्त्यावरून, ढोबळ नोंदी करणं हेच त्या वेळी शहाणपणाचं होतं; बुलडोझर दारात असताना गिलाव्याचं रसायन तपासत बसायचं नसतं. पण आणीबाणीत केलेल्या यादीनं चाळीस वर्षांनंतरही रोजचा कारभार चालवावा का? बुलडोझरपासून वाचवलेली भिंत सिमेंटच्या आत विरघळत असेल, तर तिला वाचवण्याची व्याख्या बदलावी लागेल.

दुसरं म्हणणं थंडीचं आणि कार्बनचं. तेही टाळता येण्यासारखं नाही. इंग्लंडमधलं जवळपास प्रत्येक पाचवं घर १९१९च्या आधीचं आहे. या घरांना वगळून कुठलंही हवामानाचं उद्दिष्ट गाठता येणार नाही, आणि 'जाड स्वेटर घाला' हे उत्तर अपमानास्पद आहे. इथं संरक्षणवाद्यांचीच चूक मोठी. ज्या चौकटीतली जुनी, हातानं फुंकलेली, किंचित लहरी काच केव्हाच गेली आहे, तिथं पातळ दुहेरी किंवा निर्वात काच बसवू द्यायला हरकत कसली? जुनी काच असेल तिथं आतून दुसरी काच लावावी. स्कॉटलंडच्या वारसा संस्थेसाठी ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठानं केलेल्या मोजमापांत नुसत्या बंद लाकडी झडपांनी एकेरी काचेतून जाणारी उष्णता सुमारे निम्म्यानं कमी झाली, आतल्या जादा काचेनं सुमारे ६० टक्क्यांनी. हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेनं जुलै २०२४मध्ये काढलेल्या मार्गदर्शनाचा सूरही पूर्वीपेक्षा मोकळा आहे. पण दुहेरी काचेच्या बाजूनं लढणाऱ्यांनाही एक विचारायला हवं: भिंत ओली असेल तर काचेचं काय घेऊन बसलात? ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता बाहेर नेते. सिमेंट काढून भिंत वाळू देणं हाच त्या घराचा पहिला ऊर्जाबचतीचा उपाय आहे. त्यानंतर फटी बुजवणं, माळ्यावर फूटभर जाडीची लोकर, आतून लाकडाच्या धाग्यांचे फळे किंवा बुचाची भुकटी घातलेलं चुन्याचं प्लास्टर. त्याऐवजी मातीच्या भिंतीला आतून प्लास्टिक फोमचे फळे चिकटवले, तर खोलीतली वाफ फटींतून फोमच्या मागे जाऊन थंड भिंतीवर पाणी होऊन बसते, आणि वर सांगितलेली सगळी गोष्ट आतल्या बाजूनं पुन्हा घडते.

तिसरं म्हणणं पैशाचं. सिमेंटचं काम दोन दिवसांत होतं, चुन्याचं दोन आठवड्यांत. शेतमजुराच्या वंशजानं हा भुर्दंड का सोसावा? या प्रश्नाला 'वारसा अमूल्य असतो' असं उत्तर देणारा माणूस बहुधा स्वतः बिल भरत नसतो. पण हा भुर्दंड निसर्गानं लादलेला नाही, बराचसा सरकारनंच लादलेला आहे. नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य. जुनं दुरुस्त केलं तर २० टक्के. यादीतल्या घरांच्या मंजूर बदलांना पूर्वी सूट होती. तीही १ ऑक्टोबर २०१२पासून काढून घेतली. त्यावर कडी म्हणजे, ऊर्जाबचतीचं साहित्य बसवून घेण्यावर एप्रिल २०२२ ते मार्च २०२७ व्हॅट शून्य. म्हणजे कॉबच्या भिंतीला फोम चिकटवायला कर नाही, आणि त्याच भिंतीचं सिमेंट काढून चुना लावायला पाचवा हिस्सा जादा. एकीकडे मालकाला फौजदारीची भीती घालायची आणि दुसरीकडे चुकीच्या कामाला बक्षीस द्यायचं, याला धोरण म्हणायचं का?

चौथं म्हणणं मला सर्वांत आवडतं, कारण ते हुशार आहे. ही घरं कधी स्थिर होतीच कुठे? मध्ययुगात मधल्या दालनात उघडी चूल असे आणि धूर छपरातून झिरपत जाई. सोळाव्या-सतराव्या शतकात धुराडी आली, दालनात मधला मजला पडला, दारं सरकली. मग विसाव्या शतकातलं सिमेंट हा त्याच बदलांचा पुढचा टप्पा का नाही? याचं उत्तर डेव्हनच्याच छपरांत आहे. धुराडं आल्यावर जुनं छप्पर टाकून दिलं नाही. पेंढ्यानं शाकारताना कुजलेला वरचा थर काढायचा आणि नवा थर हेझलच्या काड्यांच्या चिमट्यांनी खालच्या थरात टोचायचा, ही तिथली रीत. त्यामुळे काही घरांत सगळ्यात खालचा थर ५००-६०० वर्षांपूर्वीचा, उघड्या चुलीच्या काजळीनं काळा झालेला, तसाच राहिला. वनस्पतीशास्त्रज्ञांना त्यात तेव्हाचे गव्हाचे आणि राय या तृणधान्याचे वाण, शेतातल्या तणांसकट मिळाले. बदल झाला, पण आधीचं पोटात घेऊन झाला. सिमेंट हे करत नाही. ते ज्याला चिकटतं त्याला संपवतं, आणि काढायला गेलं तर विटेचा तुकडा घेऊन निघतं. प्रश्न जुनं विरुद्ध नवं असा नाहीच. पुढच्या माणसाला दुरुस्ती करण्याची सोय हा बदल ठेवतो की नाही, एवढाच आहे.

छपरांवरून होणारा वादही असाच आडवळणाला गेलाय. पाणथळीतला बोरू साधारण ३० ते ५० वर्षं टिकतो, लांब पेंढ्याचं छप्पर १५ ते २५, आणि आढं मात्र कुठल्याही छपराचं दहा-पंधरा वर्षांनी बदलावंच लागतं. मालक साहजिकच बोरू मागतो; अधिकारी म्हणतो, या जिल्ह्याची परंपरा पेंढ्याची, दिसायला फरक पडेल. पुन्हा दिसणंच! खरा फरक वेगळा. बोरू लावताना बहुतेक वेळा जुने सगळे थर वाशांपर्यंत उपसून काढतात, कारण तो थेट पट्ट्यांवर बांधायचा असतो. एका दुपारी सहा शतकांचा पुरावा कचऱ्यात. शिवाय तो बोरू पुष्कळदा तुर्की, हंगेरी किंवा चीनमधून येतो. पण पेंढ्याचा हट्ट धरणाऱ्यांनीही सांगावं, पेंढा आणायचा कुठून? १९७०नंतर आलेले गव्हाचे बुटके वाण कणसासाठी आहेत. त्यांचं काड छपराच्या कामाचं नाही. भरपूर नत्र दिलेल्या पिकाचा पेंढा लवकर कुजतो. कम्बाइन हार्वेस्टर तर त्याचा भुगाच करतो. म्हणून शाकारणीसाठी गहू पिकवणारे शेतकरी आजही १९६४ सालचा मॅरिस विजन हा उंच वाण पेरतात आणि पेंढ्या बांधणाऱ्या जुन्या यंत्रांनी कापतात. जुनी नावं नोंदणीकृत नसतील तर ती बियाणं विकायलाही बंदी. एका छपराचं भवितव्य नियोजन कार्यालयात नव्हे, बियाण्याच्या कायद्यात आणि भंगारात निघालेल्या यंत्राच्या सुट्या भागांत अडकलेलं असतं. त्यावर वाचकांची पत्रं कुणी लिहीत नाही.

साहित्य वाचवायचं ठरवलं तर ते होतं, याचं उदाहरण नॉर्थॅम्प्टनशरमधल्या कॉलीवेस्टनचं. तिथला चुनखडीचा दगड खाणीतून काढून हिवाळाभर उघड्यावर ओला ठेवत. कडाक्याच्या थंडीत त्यातलं पाणी गोठून दगडाचे थर सुटत आणि छपराच्या फरश्या मिळत. हिवाळे सौम्य झाले, दगड फुटेना, धंदा विसाव्या शतकात जवळपास बसला. मग शीतपेटीत दगड गोठवण्या-वितळवण्याचे प्रयोग झाले आणि ॲपथॉर्पच्या महालासारख्या छपरांना पुन्हा नवी कॉलीवेस्टन फरशी मिळाली. कृत्रिम बर्फ वापरला म्हणून परंपरा बाटली, असं म्हणणारा एकही गवंडी सापडणार नाही.

नव्या घरांच्या बाबतीत पॅरिश कौन्सिलांनी हीच गल्लत चालवली आहे. २०११च्या कायद्यानं गावाला स्वतःचा परिसर आराखडा करता येतो, आणि त्यात 'स्थानिक शैलीशी सुसंगत' हे शब्द हमखास असतात. परिणाम? पोकळ भिंतीवर चिकटवलेल्या दगडाच्या चकत्या आणि क्रेननं उचलून बसवलेलं फायबरग्लासचं धुराडं, ज्याच्या खाली चूल नाही. गावाला घरं हवीत, याबद्दल दुमत असूच नये. नाहीतर सुट्टीपुरते येणारे लोक आणि निवृत्त माणसं एवढीच उरतील. पण कॉब डेव्हनची शैली झाला तो आराखड्यातल्या कलमामुळे नव्हे, तर पायाखाली तशी माती होती आणि बैलगाडी त्याहून दूरचं काही आणू शकत नव्हती म्हणून. खोटं धुराडं सक्तीचं करण्यापेक्षा नव्या वस्तीत दोन-चार भिंती चुन्याच्या आणि मातीच्या घालायला लावल्या, तर निदान चार पोरं ते काम शिकतील.

निगा कशी ठेवायची याचा नमुना तर प्रत्येक पॅरिशच्या मधोमध उभा आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या सुमारे १६ हजार चर्चना १९५५च्या नियमापासून दर ५ वर्षांनी वास्तुतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी लागते. तो शिडी लावून पन्हाळी बघतो, शिशाच्या पत्र्यांचे जोड बघतो, पाणी जमिनीत नीट जिरतंय का बघतो, आणि काय आज करायचं, काय दोन वर्षांत, काय पुढच्या खेपेला, अशी यादी देतो. घरांना अशी कुठलीच तपासणी नाही. घर विकत घेताना बँकेचा माणूस ओल मोजणारं यंत्र लावून जातो, तेवढीच. ग्रेड टू घरांनाही अशी पाच वर्षांची तपासणी लागू केली, तिचा खर्च कौन्सिल टॅक्समधून, म्हणजे तिथल्या घरपट्टीतून, वळता करून दिला आणि अहवालात सुचवलेल्या चुना, माती, पेंढा, लाकूड यांच्या दुरुस्तीवर व्हॅट शून्य केला, तर दर घरामागे एका माणसाचा अर्धा दिवस आणि एक शिडी लागेल. तिजोरीला हे परवडणार नाही, असं लगेच सांगितलं जाईल. फोमवरचा शून्य कर मात्र परवडतो. नवी कलमं लिहिण्याआधी निदान एक साधी दुरुस्ती करता येईल: यादीतल्या नोंदीत 'गिलावा' या शब्दाच्या शेजारी, कशाचा, हे लिहायचं.